मंदिरशिल्पाचे आध्यात्मिक प्रयोजन : नांदेड–लातूर परिसर

मंदिरासाठी मूर्ती घडविणे हे प्राचीन भारतीय परंपरेत केवळ कारागिरीचे काम मानले जात नसे. ती एक साधना समजली जाई. शिल्पकर्म हे कर्त्याच्या आत्म्यावरील संस्कार होय, असा विचार ऐतरेय ब्राह्मणात आढळतो. शुक्रनीतीतही मूर्तिकाराने ध्यानयोगाचा अवलंब करावा, असे सांगितले आहे. या विचाराची मूर्त रूपे, तसेच त्यातून उद्‌भवणारे प्रश्नही, मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील मध्ययुगीन अवशेषांच्या अभ्यासातून स्पष्ट होतात.

अकराव्या-बाराव्या शतकांत हा प्रदेश कल्याणीच्या उत्तरकालीन चालुक्यांच्या आधिपत्याखाली होता. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतचे, कर्नाटकातील बसवकल्याण होय. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात वास्तू, मूर्तिलक्षणे व चित्रकला यांचे विवेचन आहे. विशेष म्हणजे तेथे या विषयांबरोबरच पाककला, मृगया, संगीत व क्रीडा यांचाही समावेश आहे. यावरून राजदरबारी कलेकडे भोग व विनोद यांचे साधन म्हणूनही पाहिले जात असे, हे दिसून येते. त्याच प्रदेशातील मंदिरांत मात्र कलेचे प्रयोजन निराळे होते.

नांदेड जिल्ह्यातील होट्टल (ता. देगलूर) येथील सिद्धेश्वर मंदिर आणि लातूर जिल्ह्यातील निलंगा येथील तीन गर्भगृहांचे नीलकंठेश्वर मंदिर ही या परंपरेची उल्लेखनीय उदाहरणे होत. दोन्हींच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. प्रसाधनात वा नृत्यात मग्न अशा स्त्रियांना देवालयावर स्थान का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. क्षीरार्णव या पश्चिम भारतीय शिल्पग्रंथात अशा ३२ देवांगना वर्णिल्या आहेत. म्हणजे त्यांचे अंकन शिल्पीच्या लहरीवर सोपविलेले नव्हते. मंदिराच्या रचनेतूनही एक उत्तर सुचते. प्रदक्षिणा करणारा भाविक प्रथम उजेडातील शृंगार व चैतन्य पाहतो; नंतर मंडपातून अंधाऱ्या, अलंकरणविरहित गर्भगृहाकडे जातो. बाहेरील विपुलता आणि आतील साधेपणा यांतील हे अंतर म्हणजेच बहिर्मुख मनाला अंतर्मुख करण्याची वाट, असा अर्थ लावता येतो.

मूर्ती पूर्ण झाल्यावर नेत्रोन्मीलनाचा विधी होई. या विधीत मूर्तीचे डोळे सुवर्णशलाकेने उघडले जात. त्यानंतर शिल्पीचा सत्कार करून त्याला निरोप दिला जाई आणि मूर्ती पुरोहितांच्या स्वाधीन होई. दानलेखांत राजा, दाता, तिथी व दत्त भूमी यांचा तपशील असतो आणि पुण्य दात्याच्या नावे जमा होते. शिल्पीचे नाव मात्र क्वचितच येते. कर्नाटकातील होयसळ मंदिरांवर मल्लितम्मासारख्या शिल्पींची नावे कोरलेली आढळतात, हा उल्लेखनीय अपवाद होय. अनामिकता हे अहंकारत्यागाचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. परंतु ती शिल्पीने स्वेच्छेने स्वीकारली होती की समाजातील त्याच्या स्थानामुळे त्याच्यावर लादली गेली, याचा निर्णय केवळ शास्त्रग्रंथांवरून करता येणार नाही.

या प्रश्नाला बाराव्या शतकात कल्याणीतच वेगळे उत्तर मिळाले. बसवेश्वर व त्यांचे सहकारी शरण यांनी धनिकांनी उभारलेल्या देवालयांपेक्षा देहालाच देवालय मानले आणि कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच उपासना ठरविली. या दृष्टीने विणकराचा माग व चर्मकाराचे काम यांना मूर्तिकाराच्या छिन्नीइतकेच पावित्र्य लाभते. शास्त्रांनी शिल्पीपुरती मानलेली श्रमातील साधना शरणांनी सर्व व्यवसायांना लागू केली. परंतु त्याचबरोबर भव्य मंदिराची आध्यात्मिक आवश्यकताच त्यांनी नाकारली.

परंपरेनुसार भग्न मूर्ती पूजेस अपात्र ठरते. राष्ट्रकूटकालीन वैभवाचे केंद्र असलेल्या कंधार (जि. नांदेड) येथे सापडलेले प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे अवशेष आज केवळ पुरावशेष म्हणून पाहिले जातात. उलट, पूजेत असलेल्या अनेक ग्रामीण मंदिरांत श्रद्धेने दिलेल्या तैलरंगाच्या थरांखाली मूळ कोरीवकाम झाकून गेले आहे. पहिल्या प्रकारात प्रयोजन लोपून रूप उरते. दुसऱ्यात प्रयोजन जिवंत राहून रूप झाकले जाते. त्यामुळे येथील मंदिरांच्या जतनाचा विचार करताना दगडाबरोबरच तो ज्यासाठी घडविला गेला तो हेतूही समजून घेणे अगत्याचे ठरते.