फायबरची केबल काळीच का असते? चोपड्याच्या उन्हात नेटची तार कुठे टिकते, कुठे तुटते

मे संपत आला की खानदेशात वादळी पाऊस येतो. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या होतात आणि त्याच रात्री कितीतरी घरांत फायबरच्या मॉडेमवर लाल दिवा लुकलुकू लागतो. दुसऱ्या दिवशी लाइनमन येतो, 'वाऱ्यानं तुटली' म्हणतो आणि जोड मारून जातो. त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण बऱ्याचदा अर्धंच असतं. वारा फक्त शेवटचा हिसका देतो. त्याआधीच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ती केबल कडक आणि ठिसूळ होऊन बसलेली असते.

ही केबल हवेत का लटकते, याचं उत्तर सोपं आहे. खोदकाम महाग पडतं, रस्ता रुंदीकरणात जमिनीतली केबल जेसीबीखाली येते आणि सातपुड्याच्या पायथ्याला कित्येक ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि दगड लागतो. २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कची योजना मंजूर केली, तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. सुरुवातीला भर जमिनीखालच्या केबलवर होता. २०१७ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात खांबांवरून केबल नेण्याची पद्धतही स्वीकारली गेली. महाराष्ट्रात हा टप्पा महानेट नावाने ओळखला जातो. ग्रामपंचायतीपासून पुढे घराघरांत जाणारी तार तर जवळपास सगळीकडे खांब, गच्ची आणि झाडांच्या आधारानेच जाते.

ऊन काचेला काही करत नाही

फायबर म्हणजे काचेचा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. ही काच शुद्ध सिलिकाची असते आणि उन्हाने तिचं काहीच बिघडत नाही. बिघडतात ते तिच्या अंगावरचे कपडे. काचेवर ॲक्रिलेटचा पातळ लेप, त्याभोवती जेल भरलेली नळी, ताण सहन करायला पिवळे ॲरामिड धागे किंवा काचतंतूंची कांडी आणि सगळ्यात बाहेर प्लास्टिकचं जाड आवरण. हे आवरण फाटलं की पाणी आत शिरतं आणि ताण थेट काचेवर येतो. मग काचेला बारीक वाक पडतात आणि प्रकाश वाटेतच गळू लागतो. नेट एकदम बंद पडण्याआधी कधीकधी काही दिवस 'स्लो' झालेलं असतं, त्याचं एक कारण हे.

यात एक विरोधाभास आहे. ॲरामिड म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये वापरतात तोच धागा. ओढून तुटायचा नाही इतका मजबूत, पण उघड्यावर उन्हात पडला की काही महिन्यांत त्याची ताकद झपाट्याने उतरते. खांबाजवळ आवरण सोलून पिवळे धागे तसेच लोंबत ठेवलेले दिसतात. केबलचा भार तेच धागे पेलत असतील, तर ही निष्काळजी पुढे महागात पडते.

प्लास्टिक म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या साखळ्या जागोजागी तोडतात. गच्चीवर विसरलेली प्लास्टिकची बादली आठवा. आधी रंग उडतो, मग हात लावला की पांढरी भुकटी लागते आणि एक दिवस कडी धरून उचलली की कडीच हातात येते. केबलचं तेच होतं. त्यात उष्णतेची भर पडली की तुटण्याचा वेग आणखी वाढतो. चोपडा साधारण २१.२५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, म्हणजेच 'शून्य सावली'चा दिवस. आकाश निरभ्र, पारा ४५ च्या आसपास, किरण सरळ उभे. प्लास्टिकसाठी याहून वाईट दिवस क्वचितच.

काजळीची छत्री

'काळा रंग ऊन ओढतो, म्हणून पांढरी तार घ्या,' असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. ऐकायला पटतं, पण इथे ते लागू पडत नाही. केबलचा काळा रंग म्हणजे कार्बन ब्लॅक, सोप्या भाषेत अतिशय बारीक काजळी. हे कण अतिनील किरण स्वतः शोषतात आणि त्याची उष्णता करून सोडून देतात. किरण आवरणात खोल जाऊच शकत नाहीत. काळी केबल जास्त तापते हे खरं, पण बाहेरच्या केबल साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात. तापणं तिला झेपतं, अतिनील किरण झेपत नाहीत.

हे शहाणपण टेलिफोनच्या काळातलं आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोन केबलवरचं शिशाचं आवरण जाऊन पॉलिथिन येऊ लागलं. साधं पॉलिथिन उन्हात तडकायचं. बेल लॅब्जच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे दोन टक्के कार्बन ब्लॅक नीट मिसळलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. जळगाव ही ठिबक सिंचनाची पंढरी आणि केळीच्या ओळींमधली ठिबकची नळी काळीच असते. कारण तेच, काजळी तीच. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाइपसाठीही भारतीय मानकात कार्बन ब्लॅकचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास ठरवून दिलं आहे. बरं, काळी दिसली म्हणजे चांगली असंही नाही. भंगार प्लास्टिकमध्ये थोडा काळा रंग ढवळून केलेली केबल पहिल्या दिवशी तशीच चमकते. फरक दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कळतो.

मोठी केबल राहते, टोकं जातात

नावाजलेल्या कंपनीची, खांबावरून जाणारी जाड केबल उन्हाने सहसा लवकर जात नाही. जातं ते तिच्या आजूबाजूचं स्वस्तातलं सामान. पहिला नंबर पांढऱ्या नायलॉनच्या केबल टायचा. आपल्या उन्हात तो वर्ष-दोन वर्षांत बिस्किटासारखा तुटतो, केबल खाली झोळते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अडकते. दोष मग ट्रॉलीवाल्याला. बाहेर काळा, उन्हासाठी बनवलेला टाय किंवा स्टीलची पट्टीच हवी. फरक काही रुपयांचा असतो.

दुसरी चूक पिवळ्या पॅच कॉर्डची. ती घरातल्या दोन यंत्रांना जोडण्यासाठी असते. तार कमी पडली म्हणून तीच खिडकीबाहेर काढली तर एक-दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण तडकतं. पांढरी 'इनडोअर' ड्रॉप वायरही तशीच. आगीत धूर कमी व्हावा म्हणून तिच्या आवरणात खनिज भुकटी भरपूर असते, त्यामुळे ती मुळातच कमी लवचीक असते. तिसरी जागा जॉइंट बॉक्सची. त्याचं रबर उन्हात आक्रसलं की पहिल्याच पावसात पाणी आत.

घरमालकाने काय करावं? तार पश्चिमेच्या भिंतीवरून न नेता वळचणीखालून न्यायला सांगावं. भिंतीवर जिथे ऊन थेट पडतं तिथे ती काळ्या एचडीपीई नळीतून घ्यावी. ठिबकची उरलेली साधी नळीही चालते, फक्त सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला एक भोक पाडावं. दोन खांबांमधल्या तारेवर मात्र नळी चढवू नये, वजन आणि वारा दोन्ही वाढतात. चिकटपट्टी गुंडाळणं, प्लास्टिकची पिशवी बांधणं हे उपाय महिन्याभरात चिंध्या होतात आणि आत पाणी धरतात ते वेगळंच. तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

खांबावर स्वतः चढू नये, त्यावर बहुधा विजेच्या ताराही असतात. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावूही नये. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

नवी जोडणी घेताना आणखी एक गोष्ट बघता येते. चांगल्या केबलच्या अंगावर ठरावीक अंतराने कंपनीचं नाव, मीटरचे आकडे आणि बहुतेक वेळा उत्पादनाचं वर्षही छापलेलं असतं. काही छापलेलंच नसेल तर लावणाऱ्याला तिथेच विचारावं. जुनी तार तपासायची असेल तर हाताला येईल अशा जागी तिच्यावरून अंगठा घासावा. राखाडी भुकटी लागली किंवा हलकंसं वाकवल्यावर केसासारख्या चिरा दिसल्या, तर तक्रार एप्रिलमध्येच नोंदवावी. वादळ झाल्यावर लाइनमनकडे गावभरचे फोन एकदम जातात.