भाकितांचा जमाखर्च

बाजाराचें भविष्य सांगणाऱ्यांची परंपरा बाजाराइतकीच जुनी आहे. परंतु सांगून झालेल्या भविष्यांचा जमाखर्च मांडून पाहणारे फार थोडे. त्या थोडक्यांत अमेरिकेंतील आल्फ्रेड कॉल्स यांचें नांव अगत्यानें घ्यावें लागतें.

३ सप्टेंबर १९२९ रोजीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांतील डाऊ-जोन्स सरासरी ३८१ वर जाऊन पोंचली. ऑक्टोबरच्या मध्यास येल विद्यापीठाचे विख्यात अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनीं असें मत दिलें कीं, भाव आतां एका कायमच्या उंच पठारावर येऊन स्थिरावलेले दिसतात. दोन आठवड्यांच्या आंत बाजार कोसळूं लागला. जुलै १९३२ मध्यें तीच सरासरी ४१ वर आली, आणि जुनी उंची पुन्हां गांठण्यास १९५४ साल उजाडावें लागलें. फिशर यांची स्वतःची दौलतही या पडझडींत गेली. अर्थात् त्यांनीं कोणास फसविलें नव्हतें. तेच फसले होते. विद्वत्ता आणि सचोटी हीं दोन्ही असूनही भाकीत हुकतें, हाच यांतील बोध.

कॉल्स हे शिकागोच्या एका सधन घराण्यांतले. क्षयाच्या विकारामुळें ते कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें राहत, आणि घरची गुंतवणूक पाहण्यासाठीं अनेक सल्लापत्रकें वर्गणी भरून मागवीत. एवढें अरिष्ट कोसळल्यावर, या मंडळींस खरोखर कांहीं कळतें काय, असा प्रश्न त्यांस पडला. दुसरा एखादा नवा सल्लागार शोधता; कॉल्स यांनीं जुने अंक काढून मोजणी आरंभिली.

तिचे निष्कर्ष १९३३ सालीं प्रसिद्ध झाले. १६ सल्लागार संस्थांच्या सुमारें साडेसात हजार शिफारशी तपासतां, त्यांप्रमाणें चालणारा मनुष्य बाजाराच्या सरासरीहून दरसाल शेंकडा सुमारें दीडनें मागें पडला असता. बाजाराचा कल वर्तविणाऱ्या २४ प्रकाशनांचा हिशेब तर शेंकडा चारांच्या तुटीचा निघाला. वॉल स्ट्रीट जर्नलचे संपादक विल्यम पीटर हॅमिल्टन यांनीं सव्वीस वर्षांत ९० वेळां कल बदलल्याचें सांगितलें. त्यांपैकीं ४५ वेळां तें खरें ठरलें आणि ४५ वेळां खोटें. १९९८ सालच्या एका फेरतपासणींत, जोखीम जमेस धरल्यास हॅमिल्टन यांची कामगिरी बरी होती, असें दिसून आलें. न्याय करावयाचा तोही असा मोजूनच.

ज्यांचीं भाकितें साधलीं त्यांचें काय? कॉल्स यांनीं पत्ते ओढून, निव्वळ दैवावर हवाला ठेवून, कांहीं भाकितें तयार केलीं आणि खऱ्यांशीं ताडून पाहिलीं. अव्वल ठरलेल्यांचें यशही योगायोगानें मिळालें असतें त्याहून फारसें निराळें नव्हतें. शंभर जणांनीं नाणें उडविलें तर एखाद्याचा कौल लागोपाठ सहा वेळां बरोबर पडावयाचाच. त्यास द्रष्टा म्हणण्याचें कारण नाहीं.

१९४४ सालीं कॉल्स यांनीं पुन्हां तपासणी केली. अर्ध्याहून अधिक काळ मंदीचा असतांही तेजीचीं भाकितें मंदीच्या चौपट भरलीं. आशा विकली जाते, धोक्याची सूचना विकली जात नाहीं, हें त्यांतील इंगित. भाकीत खरें ठरो वा खोटें, वर्गणी आधींच जमा झालेली असते. तोटा मात्र ऐकणाऱ्याच्या पदरीं पडतो.

बाजाराची वार्ता ऐकूं नये, असा याचा अर्थ नव्हे. काल काय घडलें तें सांगणारा आणि उद्यां काय घडेल तें सांगणारा, यांतील भेद मात्र ओळखला पाहिजे. कन्येच्या शिक्षणाची वा म्हातारपणाची पुंजी हातीं असलेल्या गृहस्थानें दुसऱ्या प्रकारच्या वक्त्यास एवढेंच विचारावें: आजवरचीं आपलीं सगळीं भाकितें, हुकलेल्यांसह, कोठें लिहून ठेविलीं आहेत काय? वही पुढें न आल्यास, थैलीही पुढें करूं नये.