इंजिन आले; ते चालते कोणी ठेवले?

१९८०च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर वल्ह्या-शिडांच्या होड्यांना आउटबोर्ड इंजिने झपाट्याने लागली. ती पेट्रोलवर सुरू होत आणि तापल्यावर रॉकेलवर चालत. थांबवण्यापूर्वी पुन्हा पेट्रोल न दिल्यास कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल उरे आणि भर समुद्रात इंजिन सुरूच होईना. थंडाव्यासाठी खेचलेले खारे पाणी आतील वाटांत मिठाचे थर साचवी; म्हणून परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे अनिवार्य. बहुतेक इंजिने परदेशी होती. १९८०मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांच्या महासंघाने त्यांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळा चालवल्या. २०१८च्या महापुरात मच्छीमारांनी अशाच होड्यांतून हजारोंचे प्राण वाचवले. त्या दिवसांत पहिल्या झटक्यात सुरू झालेल्या प्रत्येक इंजिनामागे अनेक वर्षांची निनावी देखभाल होती.