काचेच्या पेटीतला समुद्र आणि परभणीची काळी माती

🧵 थ्रेड

१/
परभणी जिल्ह्याला गोदावरी आहे, पूर्णा आहे, येलदरीचे धरण आहे. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही येथील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी उभी राहिली, तर तिचे पहिले काही आठवडे ज्या प्रक्रियेवर अवलंबून असतात, ती प्रक्रिया इथल्या शेतकऱ्याच्या पायाखाली रोज चालू असते. तिचा शोध एका पिता-पुत्रांच्या आयुष्यातून गेला आहे.

२/
पिता रॉबर्ट वॉरिंग्टन, लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ. १८५० साली त्यांनी एक प्रयोग मांडला : काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती प्राणवायू देते, कुजकी पाने गोगलगाय खाते. पाणी न बदलता टाकी टिकली. हा 'समतोल' त्या काळी मत्स्यपालनाचा पाया मानला गेला.

३/
समुद्रजीवांची वाट त्याहून खडतर होती. १८४६ साली अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही. आजच्या पंपाचे काम तेव्हा हातांनी चाले.

४/
१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीशी निगडित असलेले निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली कृत्रिम समुद्रजल तयार केले. त्यात चारच क्षार होते : साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. समुद्र नसलेल्या गावाचा मार्ग तेव्हा प्रथम मोकळा झाला.

५/
पण घरोघरी टाक्या आल्या आणि घरोघरी मासे मेले. हौशी लोकांनी किनाऱ्यावरील खळगे ओरबाडून रिकामे केले. त्या उजाडपणाची खंत गॉस यांच्या पुत्रानेच पुढे आपल्या आठवणींत नोंदवली. समतोलाच्या हिशेबात वायू होते. माशाच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून सुटणारा विषारी अमोनिया नव्हता.

६/
उत्तर मिळाले ते सांडपाण्यात. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली, मातीच्या पाण्याचे थेंब टाकताच पुन्हा सुरू झाली. हे काम सजीवांचेच आहे, हे सिद्ध झाले.

७/
इथे पुत्र येतो. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात त्याने मातीतील या क्रियेचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि ती दोन टप्प्यांत होते असे दाखवले : अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट, प्रत्येक टप्प्याचे जिवाणू वेगळे. ते वेगळे काढणे त्याला साधले नाही. ते १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांना साधले.

८/
पित्याच्या टाकीत जे दिसत नव्हते, ते पुत्राला शेतात सापडले. परभणीच्या काळ्या मातीत युरिया पडला की त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पीक ते शोषते. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला हे पाठ असते. टाकीत हीच साखळी खारे पाणी सोसणारे जिवाणू चालवतात.

९/
मग समुद्राचे पाणी? मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राला खेटून उभे राहिले. परभणीला ती सोय नाही. मात्र 'चॅलेंजर' मोहिमेतील पाण्याचे ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार यांनी १८८४ साली दाखवले, की जगभरच्या समुद्रांत मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सारखेच असते. म्हणून समुद्र कुठेही 'कालवता' येतो : १०० लिटर शुद्ध पाण्याला सुमारे साडेतीन किलो समुद्री मीठ. बोअरचे क्षारयुक्त पाणी मात्र चालत नाही.

१०/
१९६१ साली जकार्तातील ली चिन एंग यांनी जीवसृष्टीने भरलेले सच्छिद्र दगड टाकीत ठेवून प्रवाळ जगवल्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी पालकांनी अशा दगडांना फेस उडवून घाण काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. ती 'बर्लिन पद्धत' म्हणून रूढ झाली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावाने हा दुवा लक्षात ठेवावा.

११/
आज नव्या टाकीचे 'सायकलिंग' म्हणजे त्या फ्रेंच नळीची पुनरावृत्तीच. मासे न सोडता थोडा अमोनिया द्यायचा आणि वाट पाहायची. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट उरते. याला कित्येक आठवडे लागू शकतात. शेतकरी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतो, तसे बाटलीतील जिवाणू घालून वेग वाढवता येतो. पाणी नितळ दिसले म्हणून ते तयार झाले असे नव्हे. चाचणीच खरे सांगते.

१२/
परभणीचा मे महिना चाळिशी ओलांडतो. प्रवाळाला साधारण २४ ते २७ अंश मानवतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि या जिवाणूंनाही प्राणवायू लागतोच. वीज जाऊन पंप थांबला, तर मासे व जिवाणू एकाच वेळी गुदमरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप इथे चैनीची वस्तू नाही.

१३/
गॉस यांच्या काळात किनारे लुटले गेले, त्याची आठवण कायद्याने ठेवली आहे. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. किनाऱ्यावरून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. टाकीसाठी कोरडा सच्छिद्र दगड पुरतो. त्यात जीव भरण्याचे काम जिवाणू आणि काळ करतात.

१४/
श्लोझिंग आणि म्युन्ट्झ वीस दिवस नळीपाशी थांबले नसते, तर तो प्रयोग फसला असेच नोंदले गेले असते. रिकामी दिसणारी नवी टाकी तेवढाच धीर मागते. पहिला मासा त्यानंतर.

(समाप्त)