घरात टीबीचा रुग्ण आहे? सुप्त संसर्ग असा ओळखतात

ग्वाल्हेर : घरात कुणाला फुप्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांना धास्ती बसते, ‘आपल्यालाही झाला की काय?’ ग्वाल्हेर-चंबळ भागात ही भीती उगाच नाही. इथल्या सहरिया आदिवासींमध्ये टीबीचे प्रमाण मोठे आहे. दगडखाणीतल्या धुळीने सिलिकोसिस झालेल्यांनाही धोका जास्त असतो.

मात्र जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झालाच असे नाही. बहुतेकांत ते सुप्त राहतात. अशा माणसाला खोकला-ताप नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी आजार होतो.

चाचण्या कोणत्या?

मॅन्टू : कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूस कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात. ४८ ते ७२ तासांनी लाली नव्हे, तर कडक झालेला फुगवटा मोजतात. साधारणपणे १० मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. बीसीजी घेतलेल्यांत मात्र कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते.

इग्रा : ही रक्ताची चाचणी. बीसीजीमुळे फसगत होत नाही, एकाच फेरीत काम होते. पण खर्च जास्त.

सायटीबी : हातावर टोचून करायची नवी चाचणी. हिच्यातही बीसीजीचा अडथळा नाही.

खरी मेख पुढे आहे. संसर्ग सुप्त आहे की आजार सुरू झालाय, हे यातली एकही चाचणी सांगत नाही. म्हणून दोन आठवड्यांचा खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यांची विचारपूस आणि छातीचा एक्स-रे हवाच. शंका आली तर थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करतात. आजार नाही याची खात्री झाल्यावरच प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात : सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड-रिफापेंटिनचे आठवड्याला एक असे १२ डोस. आजार असताना फक्त याच गोळ्या दिल्या, तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

निगेटिव्ह रिपोर्टवरही निर्धास्त राहू नये. लागण झाल्यावर चाचणीत दिसायला दोन ते आठ आठवडे लागू शकतात. एचआयव्हीबाधितांना तर प्रतिबंधक उपचारासाठी या चाचणीची गरजच नाही. घरातल्या इतरांसाठीही चाचणी उपलब्ध नाही म्हणून उपचार अडवू नयेत, असे २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.