मनोरुग्णाची खोली आणि सोबतीचे माणूस

नागपूरहून सावनेरमार्गे उत्तरेकडे गेले म्हणजे सौंसरच्या परिसरात जामसांवली हे गाव लागते. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात त्याचा समावेश होतो. राज्य मध्य प्रदेशाचे, पण घराघरांतील बोली मराठी. येथील हनुमंताची मूर्ती उभी नाही, निजलेली आहे. मंगळवारी आणि शनिवारी येथे यात्रेकरूंची रीघ लागते. त्यांत ज्यांचे मन ठिकाणावर राहिलेले नाही, अशांना घेऊन आलेली कुटुंबेही असतात. दर्शन घेऊन ती लगेच परतत नाहीत. देवाच्या आसऱ्याने काही दिवस मुक्काम करतात. रोग्याची खोली म्हणावी असे तेथे फारसे काही नसते. एक पथारी, पाण्याचे भांडे आणि उशाशी बसलेले घरचे माणूस, एवढाच तिचा संसार.

ह्या संसाराशेजारी सरकारी इस्पितळातील खोली ठेवून पाहिली म्हणजे एका जुन्या प्रश्नाचा उलगडा होऊ लागतो. इस्पितळाची वाट माहीत असूनही माणसे देवळाकडे का वळत आली, हा तो प्रश्न होय. भोळेपणा एवढेच उत्तर देऊन तो निकालात निघत नाही.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्यापूर्वी सहाच वर्षे, म्हणजे १८५८ साली, वेड्यांच्या आश्रयगृहांसंबंधी कायदा झाला होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्यास पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि त्याच्या हुकुमाने आश्रयगृहात धाडावे, अशी त्यातील तजवीज होती. रोग्याचा प्रवेशच मुळी कैद्यासारखा! पुढे १९०५ पर्यंत ह्या संस्थांवर तुरुंगखात्याच्या अधिकाऱ्यांची देखरेख असे. उंच भिंत, कुलूपबंद कोठडी आणि बाहेरून आत पाहण्यासाठी ठेवलेले भोक ह्यांचा उगम औषधशास्त्रात शोधावयाचा नाही. १९२० च्या सुमारास आश्रयगृहांना ‘मानसिक रुग्णालय’ असे नाव मिळाले, पण भिंतींना नव्या नावाची वार्ता लागली नाही. १९४६ साली भोर समितीने पाहणी केली, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. त्यांतील बऱ्याचशा इमारती बरे करण्यासाठी नव्हे, तर डांबून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, असे त्या समितीस आढळले.

अशा खोलीत घरच्या माणसास जागा नव्हती. रोगी आत गेला, दार लागले आणि मागे राहिलेले नातलग हळूहळू दुरावले. घराकडून कोणी न्यावयास आले नाही म्हणून पुष्कळांचे उरलेले आयुष्य आतच गेले. रोगापेक्षा हा विसर अधिक घातक म्हटला पाहिजे.

ह्या व्यवस्थेस धक्का दिला तो एका सरकारी डॉक्टरानेच. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर ह्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातलगांना तेथे रोग्यांसोबत राहावयास बोलाविले. आई मुलाला जेवू घाली, बहीण भावाचे केस विंचरी, आणि आपल्या माणसाचा आजार म्हणजे काय हे डॉक्टर सर्वांना एकत्र बसवून समजावून सांगत. रोगी लवकर घरी जाऊ लागले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घर त्यांना परत घेऊ लागले. दक्षिणेत वेल्लोर येथे १९५७ साली निघालेल्या मानसिक आरोग्यकेंद्रातही कुटुंबाने रोग्यासोबत राहावयाचे, हीच रीत पडली. तंबूला खर्च तो किती! पण तेवढ्याने कोठडीचे घर झाले.

देवळांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते नंतर. व्हिएडा स्कुल्टन्स ह्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. रोग्यासोबत आलेल्या स्त्रियाच तेथे घुमू लागत. त्याचे दुखणे आपल्या अंगावर घ्यावे, ही त्यामागची भावना. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तामिळनाडूतील एका देवळात राहिलेल्या एकतीस रोग्यांची पाहणी छापून आली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामानंतर त्यांची लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी उतरली होती. कोणताही खास विधी तेथे नव्हता. आपुलकीचा, भयरहित निवास एवढेच काय ते औषध. अर्थात वीस टक्के म्हणजे पूर्ण आराम नव्हे; औषधांनी आवरता येणारा आजार त्यांवाचून वाढू देणे हाही अपराधच.

श्रद्धास्थानाजवळची प्रत्येक जागा मायेचीच असते, असेही नाही. तामिळनाडूतच, एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खाजगी आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. आतील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. अठ्ठावीस जण जळून मेले. सोबतीस घरचे माणूस असते, तर निदान साखळी सोडावयास कोणी धावले असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याच्या खोलीसंबंधीच्या अपेक्षांना हक्काचे रूप दिले. जागा सुरक्षित व स्वच्छ हवी. खाजगीपणा हवा. अन्न सकस हवे. रोग्याची इच्छा असल्यास अंगावर त्याचे स्वतःचे कपडे असावेत. सक्तीने मुंडण करू नये. साखळीने बांधण्यास बंदी आहे, तशीच एकांतकोठडीसही. शेवटच्या दोन गोष्टी एकविसाव्या शतकात कायद्याने सांगाव्या लागल्या, ह्यावरून आधीच्या खोलीची कल्पना यावी.

त्याच कायद्यात एक कलम अल्पवयीन रोग्यांविषयी आहे. मुलास दाखल करून घेतले, तर त्याच्या नेमलेल्या प्रतिनिधीने, म्हणजे बहुधा आईने वा बापाने, सर्व काळ त्याच्यासोबत रुग्णालयात राहिलेच पाहिजे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीस एक स्त्री नेमावयाची. प्रौढ रोग्याच्या बाबतीत मात्र अशी सक्ती नाही; त्याच्या उशाशी कोणी बसावयाचे की नाही, हे रुग्णालयाच्या रीतीवर आणि घरच्या सवडीवर राहते. आणि कपाशीची वेचणी तोंडावर आलेल्या घराला ती सवड काढणे सोपे नसते.