दोन वर्षं मायदेशी

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं की ग्रीनकार्ड आपसूक मिळतं, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. जे-१ म्हणजे एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या अनेकांच्या बाबतीत ती खोटी ठरते. माझी मामेबहीण, आमची ताई, याच व्हिसावर तिथे रेसिडेन्सी करत होती. लग्नानंतर भावोजींनी केलेला अर्ज मंजूर झाला, म्हणजे लग्न खरं आहे हे सरकारने मान्य केलं. तरी ग्रीनकार्ड अडलंच. इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ई) सांगतं, आधी दोन वर्षं मायदेशी राहून या.

जुन्या कोडमध्ये अशी विचित्र अट सापडली की ती कधी आणि कशासाठी घातली हे मी आधी शोधतो. इथेही तेच केलं.

१९४८चा स्मिथ-मुंट कायदा शीतयुद्धाच्या सुरुवातीचा. परदेशी विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी यावं, अमेरिका बघावी आणि घरी जाऊन तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलावेत, असा हिशेब. न परतणारा पाहुणा त्यात बसत नव्हता, म्हणून १९५६ मध्ये दोन वर्षांची अट आली. १९६१च्या फुलब्राइट-हेज कायद्याने एक फट ठेवली. नागरिक जोडीदाराला किंवा मुलाला 'असाधारण हाल' सोसावे लागणार असतील, तर माफी. पण त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाच्या अहवालाने बजावलं, की अमेरिकेत झालेलं लग्न किंवा तिथे जन्मलेलं मूल पुढे करून कोणी माफी मागितली तर ढिलाई नको. लग्नाची पळवाट कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच हेरली होती.

हालांची कसोटीही तशीच कडक. नवरा बायकोबरोबर भारतात गेला तरी असाधारण हाल आणि मागे एकटा राहिला तरी असाधारण हाल, हे दोन्ही सिद्ध करायचं. नुसता विरह पुरत नाही. वकिलाने भावोजींना स्वतःच्या आजारांचे, कर्जाचे, आईवडिलांच्या दुखण्यांचे कागद जमवायला लावले. निरोगी, कर्जमुक्त नवरा इथे नापास!

१९७०ची दुरुस्ती मला फार रोचक वाटते. एकाच कायद्याने वाग्दत्तांसाठीचा के-१ व्हिसा आणला, आम्हा आयटीवाल्यांच्या ओळखीचा एल-१ आणला आणि २१२(ई) सैल केलं. अट उरली ती सरकारी पैशावर आलेल्यांना आणि मायदेशाला ज्यांच्या कौशल्याची गरज आहे अशांना. शिवाय मायदेशाने 'हरकत नाही' असं कळवलं, तरी सुटका शक्य झाली.

डॉक्टरांचं हे सुख सहाच वर्षं टिकलं. देशात आता डॉक्टरांची टंचाई नाही, असं अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये जाहीर केलं आणि वैद्यकीय प्रशिक्षणाला येणाऱ्या परदेशी डॉक्टरांना अट सरसकट लावली. ना-हरकतीचं दारही त्यांना बंद. पुढे खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळेनात, तेव्हा १९९४ मध्ये सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने ओळखली जाणारी सवलत निघाली. टंचाईच्या भागात तीन वर्षं काम करा, दोन वर्षं माफ. हालांचा अर्ज फेटाळला गेल्यावर ताईने तेच पत्करलं. भावोजींची नोकरी दुसऱ्या राज्यात, त्यामुळे तीन वर्षं त्यांचा संसार शनिवार-रविवारपुरता होता.

अट म्हणे मायदेशाच्या भल्यासाठी. मग भारताने हरकत नाही म्हटलेलं डॉक्टरच्या बाबतीत चालत नाही आणि अमेरिकेतल्या खेड्याची गरज मात्र चालते, हे कसं? तरी मूळ विचार मला टाकाऊ वाटत नाही. ताईचं एमबीबीएस सरकारी कॉलेजातलं, म्हणजे बराचसा खर्च इथल्या लोकांचा. मामाने हे तिला फोनवर एकदाच ऐकवलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने कौशल्यांच्या यादीतून भारताचं नाव काढलं. केवळ त्या यादीमुळे अडकलेले आपले इंजिनिअर आणि संशोधक एका दिवसात मोकळे झाले. डॉक्टरांची अट यादीवर अवलंबून नाही, ती अजून तशीच आहे.